डोक्याला मार लागलेला माणूस आणि बिडीकाडी: घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, अंबाजोगाई, केज, परळी या पट्ट्यात मी पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी करते. त्यातले बरेच जण डोक्याला मार लागलेले असतात. कोणी मोटरसायकलवरून पडलेलं, कोणी उसाच्या ट्रॉलीवरून, कोणी विहिरीच्या कामावर. व्यायामाचे प्रश्न घरचे माझ्यासमोर विचारतात. बिडीचे प्रश्न मात्र नंतर फोनवर येतात, तेही दबक्या आवाजात, पेशंटच्या कानावर जाऊ नये म्हणून. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषधाचा प्रत्येक निर्णय तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

१. मार डोक्याला लागलाय आणि बिडीचा संबंध तर छातीशी. मग डॉक्टर पहिल्या दिवसापासून बिडी बंद करा असं का सांगतात?

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के असतं, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटाच वापरतो. ऑक्सिजन साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे नाही. मार लागतो त्या क्षणी मेंदूच्या काही पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. मात्र त्यांच्या भोवतीचा भाग मेलेला नसतो, अर्धमेला असतो. पुढच्या काही तासांत आणि दिवसांत सूज, कमी रक्तदाब किंवा ऑक्सिजनची टंचाई झाली तर तो मरतो. नीट रक्त मिळालं तर सावरतो. आयसीयूमधली सगळी धडपड याच भागासाठी चाललेली असते.

आता बिडीचा धूर काय करतो ते बघा. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. न ओढणाऱ्याच्या रक्तात असं अडकून पडलेलं हिमोग्लोबिन १-२ टक्क्यांच्या आत असतं. रोज ओढणाऱ्याच्या रक्तात ते ३ ते १० टक्के, कधी त्याहूनही जास्त सापडतं. हा वायू साध्या हवेत निम्मा उतरायलाच ४ ते ६ तास लागतात. त्यामुळे तासाला एक ओढणाऱ्याचं रक्त दिवसभरात एकदाही मोकळं होत नाही. शिवाय निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, बीपी आणि ठोके वाढतात. वर्षानुवर्षांच्या धुराने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं ते वेगळंच.

शेतकरी माणसाला मी ठिबकचं उदाहरण देते. नळीत क्षार साचले की मोटर चालू असूनही शेवटच्या झाडाला पाणी पोहोचत नाही. आणि सुकत आलेलं झाड नेमकं तेच असतं.

२. सीटी स्कॅन नॉर्मल आला, एका दिवसात घरी सोडलं. एवढ्याशा मारालाही हे लागू आहे का?

आहे. शुद्धीची जी १५ गुणांची मोजणी करतात तिच्यात १३ ते १५ गुण आले की मार 'किरकोळ' धरतात. तो शब्द जिवाच्या धोक्यापुरता आहे. पेशींमधले बारीक धागे ताणले गेले असतील तर ते साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये टिमोथी डुराझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अशाच किरकोळ मार लागलेल्यांचा होता. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या बुद्धीच्या आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या पुन्हा पुन्हा घेतल्या. न ओढणारे बऱ्याच बाबतींत सुधारत गेले. रोज ओढणारे मागे राहिले. विशेषतः विचाराचा वेग, आणि डोळ्यांनी पाहिलेलं शिकणं व लक्षात ठेवणं यांत ते कमी पडले. गट लहान होता, म्हणून त्यावरून टक्केवारी सांगत बसू नये. पण घराघरांतून मला जे दिसतं ते याच्याशी जुळतं. माणूस चालता-बोलता असतो, लोक म्हणतात बरा झाला. तोच माणूस किराणा दुकानात सुटे पैसे मोजताना अडतो, मोटर चालू करून विसरतो, तालुक्याच्या बाजारात नेहमीची गल्ली शोधत उभा राहतो.

३. बाबा २५ वर्षं बिडी ओढत होते. अपघातानंतर दवाखान्यात आपोआप बंदच आहे. मग आता त्याचा विचार कशाला?

दोन कारणं आहेत. पहिलं छातीचं. जुन्या ओढणाऱ्याच्या श्वासनळीत कफ जास्त असतो आणि तो वर ढकलणारे बारीक केस अधू झालेले असतात. असा माणूस बेशुद्ध पडून राहिला, व्हेंटिलेटरवर गेला किंवा गळ्याला नळी पडली की न्यूमोनियाची भीती वाढते. न्यूमोनिया झाला की ऑक्सिजन घटतो आणि त्याचा फटका पुन्हा मेंदूलाच बसतो. म्हणून २५ वर्षांची गोष्ट डॉक्टरांना सांगाच. "अधूनमधून ओढायचे" असं मोघम नको. दिवसाला किती बंडल, हा आकडा सांगा. तो लाजेपोटी लपवला जातो आणि मग प्रश्न ६ मधला घोळ होतो.

दुसरं कारण म्हणजे दवाखान्यातली बंदी ही सुटलेली बिडी नव्हे. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात पारावरचे सोबती भेटायला येतात आणि येताना बंडल घेऊन येतात. सुधारणेचा सगळ्यात मोठा टप्पा पहिल्या सहा महिन्यांत पार पडतो. त्यानंतरही सुधारणा होते, पण तिचा वेग कमी असतो. हे सहा महिने तरी बिनधुराचे जावेत यासाठी माझा सगळा आटापिटा असतो. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. कफ ढकलणारे केस सावरायला काही आठवडे ते महिने लागतात. मधल्या काळात खोकला वाढल्यासारखा वाटला तर घाबरू नका. "बिडीनेच कफ मोकळा व्हायचा" असं घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं. त्यांचं ऐकू नका.

४. बिडी पानाची असते. सिगारेटपेक्षा बरी ना?

नाही. बिडीत तंबाखू कमी असते हे खरं आहे. पण टेंभुर्णीचं पान नीट जळत नाही, म्हणून ती विझू नये यासाठी सारखे आणि खोल झुरके घ्यावे लागतात. निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड या तिन्हींच्या बाबतीत बिडीचा धूर सिगारेटपेक्षा कडकच भरतो. चिलमीचंही तेच, आणि तिच्यात गांजा असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळे तो पर्याय कोणी सुचवला तर तिथेच थांबवा.

५. आमचे हे ओढत नाहीत, तंबाखू मळून खातात. मग सुटलो का आम्ही?

हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ ओढणारे निघाले आणि २४.४ टक्के चघळणारे, लावणारे. तंबाखू-चुना, गुटखा, मावा, बायकांची मिश्री, हे सगळं त्यात आलं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं.

चघळण्यात धूर नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही. एवढाच फरक. निकोटीन रक्तात जातं, बीपी वाढवतं आणि तलफही तितकीच कडक आणतं. डोक्याच्या पेशंटला त्याहून मोठा धोका गिळण्याचा असतो. मार लागल्यावर अनेकांचं गिळणं बिघडतं आणि घरच्यांना ते कळतही नाही. गालात ठेवलेला बार किंवा तोंडातली पिंक श्वासनळीत गेली की थेट फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो. पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घोगरा, ओला येत असेल, तर तोंडात तंबाखू अजिबात नको. मिश्री लावून देणाऱ्या सुनांनाही हे सांगा. सासूबाई मागतात म्हणून प्रेमाने लावून दिली जाते.

६. तिसऱ्या दिवसापासून लई चिडतोय. शिव्या देतो, सलाईन उपटतो, रात्रभर झोपत नाही. ही तलफ आहे की मेंदूतच काही झालं?

दोन्ही असू शकतं, आणि नेमकं काय ते घरच्यांनी ठरवायचं नाही. तंबाखू तुटल्यावर चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं, झोप उडणं ही लक्षणं पहिल्या दिवसातच सुरू होतात. दोन-तीन दिवसांत ती टोकाला जातात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. मेंदूच्या माराने येणारा गोंधळही नेमका असाच दिसतो. रोजचा आकडा माहीत असेल तरच डॉक्टरांना ताळा जमवता येतो. माहीत नसेल तर गुंगीचं औषध वाढतं, आणि गुंगीत कफ आणखी साचतो.

एक भेद मात्र पाठ करून ठेवा. तलफ लागलेला माणूस जागा असतो, चिडलेला असतो. जो पेशंट चिडायचा थांबून पेंगायला लागला, उठवूनही नीट उठत नाही, पुन्हा पुन्हा उलटी करतोय, ज्याचं डोकं वाढत्या जोराने दुखतंय, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसतेय, एक हात-पाय ढिला पडलाय किंवा झटका आलाय, त्याला तलफेच्या खात्यात टाकू नका. दवाखान्यात असाल तर लगेच सिस्टरांना बोलवा. घरी असाल तर १०८ लावा. "बिडी नाही म्हणून गप पडलाय" असं म्हणत घरच्यांनी रात्र काढल्याचं मी पाहिलंय. सकाळपर्यंत मेंदूवर रक्त साचलेलं होतं.

७. रडतो हो, हात जोडतो. एखादी बिडी दिली तर काय बिघडतं?

माझे चुलते मोटरसायकलवरून पडले तेव्हा मी कॉलेजात होते. घरी आणल्यावर नवव्या दिवशी ते लहान लेकरासारखे रडले. मीच टपरीवर जाऊन बंडल आणलं आणि मीच काडी ओढून दिली. त्यांच्या तोंडावर जे समाधान आलं ते मला अजून आठवतं. त्यानंतर ते रोज मलाच मागायचे, कारण मी दिलं होतं. म्हणून तुमच्यावर मी रागावणार नाही.

तरीही देऊ नका. एका बिडीने मेंदूत तिथल्या तिथे स्फोट होत नाही. पण तुटत आलेली तलफ पहिल्यापासून सुरू होते आणि पुढचे तीन-चार दिवस पेशंटचे आणि तुमचेही दुप्पट जड जातात. तलफेची एक लाट साधारण काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ त्याला धरून चला, पाणी द्या, गिळणं नीट असेल तर बडीशेप किंवा लवंग द्या, मोबाइलवर भजन लावा, नातवाला पुढे बसवा.

आगीची गोष्ट तर वेगळीच. घरी ऑक्सिजनचं मशीन किंवा सिलिंडर असेल तर त्या खोलीत बिडी, काडी, उदबत्ती, काहीही पेटवायचं नाही. झोपेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या हातात खाटेवर जळती बिडी कधीही नको. डोक्याच्या मारानंतर अनेकांचा वास जातो. गोधडी जळायला लागली तरी त्याला कळणार नाही.

८. निकोटीनचा च्युइंगम, पट्टी, सोडायच्या गोळ्या यांतलं काय चालतं?

हे डॉक्टरांशिवाय ठरवू नका, कारण नेहमीचे नियम इथे बदलतात. पट्टी कातडीला लावायची असते, त्यामुळे गिळता न येणाऱ्यालाही लावता येते. तिच्यात धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. ती सुरू कधी करायची आणि किती ताकदीची, हे बीपी पाहून ठरतं. च्युइंगम मेडिकलवर मिळतो, पण गिळण्याचा त्रास असलेल्याला किंवा गोंधळलेल्याला तो देऊ नये, घशात अडकतो. जो नीट शुद्धीवर आहे त्यालाही शिकवावं लागतं की हा साध्या गमसारखा सारखा चावायचा नाही. थोडा चावायचा, तिखट लागला की गालात धरायचा.

गोळ्यांमध्ये ब्युप्रोपिऑन नावाचं औषध आहे. त्याने फिट येण्याची शक्यता वाढते. फिटचा आजार असलेल्यांना ते देत नाहीत आणि डोक्याला मोठा मार लागलेल्यांमध्ये फार जपून विचार करतात. व्हॅरेनिक्लिन देतानाही फिटचा इतिहास बघावा लागतो. म्हणून गावातल्या कोणाला ज्या गोळीने गुण आला ती मागून आणू नका. सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखू सोडण्याची मोफत हेल्पलाइन आहे. फोन लावल्यावर डोक्याला मार लागलाय हे पहिल्याच वाक्यात सांगा.

९. बिडी सोडल्यावर चालू औषधांचा डोस बदलावा लागतो असं ऐकलं. खरं आहे?

काही औषधांच्या बाबतीत खरं आहे, आणि ही गोष्ट बऱ्याचदा राहून जाते. धुरातल्या डांबरामुळे यकृताचं एक रसायन जोरात काम करतं आणि काही औषधं लवकर संपवतं. धूर थांबला की ते मंदावतं आणि तीच गोळी रक्तात जास्त साठते. चिडचिडीसाठी देतात ते ओलान्झापिन आणि दम्याचं थिओफायलिन यांचं असं होतं. निकोटीनच्या पट्टीने यात फरक पडत नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे. पेशंट फार सुस्त वाटला तर गोळी स्वतःहून बंद करू नका. बिडी कोणत्या तारखेला सुटली ते डॉक्टरांना कळवा. फिटसाठीच्या लेव्हेटिरासिटामचा डोस या कारणाने बदलत नाही.

चहाचंही हेच. त्यातलं कॅफिन याच वाटेने संपतं. बिडी सुटल्यावर पूर्वीइतकेच कप चालू ठेवले तर छातीत धडधड आणि झोपमोड होते आणि खापर बिडी सोडण्यावर फुटतं. चहा निम्म्यावर आणा.

१०. कवटीचं हाड काढून ठेवलंय, दोन महिन्यांनी परत बसवायचंय. तोवर थोडी थोडी चालेल का?

इथे मी सगळ्यात कडक आहे. सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून काढलेलं हाड परत बसवतात तेव्हा वरची कातडी जुळली पाहिजे, जखमेत पू होता कामा नये आणि हाड धरलं पाहिजे. या तिन्ही गोष्टी रक्तपुरवठ्यावर चालतात आणि तीच ओढणाऱ्याची कमकुवत बाजू आहे. जखम चिघळली तर हाड पुन्हा काढावं लागू शकतं. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे पूर्ण बंद, आणि नंतर जखम भरेपर्यंत बंद. 'थोडी थोडी' हा हिशोब इथे लागत नाही.

११. आधी शहाणा माणूस होता. आता दहा वेळा सांगितलं तरी बिडी मागतो, कबूल करतो आणि विसरतो. मुद्दाम करतोय का?

नाही. कपाळामागचा मेंदू आपल्याला आवर घालतो, दिलेला शब्द लक्षात ठेवतो, नंतरचा फायदा आत्ताच्या सुखापुढे धरतो. मोटरसायकलच्या अपघातात तोच भाग बऱ्याचदा दुखावतो. त्याच्याकडून शपथ घेऊन काही होत नाही, देवावर हात ठेवूनही होत नाही. तो खोटारडा झालेला नाही, शपथ टिकवणारी जागाच जखमी आहे. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात ते तर कृपा करून बंद करा. मोडल्यावर तो स्वतःला फार खातो.

त्याच्याऐवजी घर बदला. काडेपेटी आणि लायटर घरातल्या बाईच्या ताब्यात ठेवा. टपरीवाल्याला स्वतः जाऊन सांगा, बहुतेक टपरीवाले ऐकतात. पैसे सुटे देऊ नका. जेवणानंतर आणि चहानंतर तलफ हटकून येते, त्या वेळेला काहीतरी ठरलेलं काम लावा. माझा एक पेशंट जेवण झालं की शेळ्यांना पाला टाकायला जायचा, रोज, न चुकता. भेटायला येणाऱ्यांसाठी दारात पाटी लावा, त्यात संकोच काय? घरातले बाकीचे ओढत असतील तर त्यांनी अंगणाबाहेर जाऊन ओढावं. दुसऱ्याच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असतोच, आणि वासाने तलफ चाळवते ते वेगळं.

१२. आमच्या दादाचं उलटंच झालं. अपघातानंतर बिडीची आठवणच नाही. हे कसं?

असं होतं. मेंदूत आतल्या बाजूला इन्सुला नावाचा भाग आहे, शरीराची ओढ जाणवून देणारा. पक्षाघाताने हा भाग दुखावलेल्या काही जणांची सिगारेटची इच्छाच एकाएकी गेली, असं २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं. डोक्याच्या मारानंतर आठवणींची गुंतागुंतही कारण असू शकते. कारण काहीही असो, मिळालेलं राखा. "अरे, तू तर बिडी ओढायचास!" असं कौतुकाने आठवण करून देणारे पाहुणे असतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

१३. निकोटीनने स्मरणशक्ती वाढते असं मोबाइलवर आलंय. मग?

प्रयोगशाळेत मार लागलेल्या उंदरांना शुद्ध निकोटीन दिल्यावर काही चाचण्यांत त्यांचं शिकणं सुधारलं, हे खरं आहे. पण त्या उंदरांनी धूर घेतला नव्हता. बिडीतून निकोटीनबरोबर प्रश्न १ मधलं सगळं येतं. ओढणाऱ्याला बिडीनंतर डोकं चालल्यासारखं वाटतं, ते बहुतेक वेळा तलफ शमल्याचं वाटणं असतं.

१४. दारू पण आहे. दोन्ही एकदम सोडवायचं का?

रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. त्याने फिट येऊ शकते आणि भ्रम होऊ शकतो, डोक्याच्या पेशंटला तर ते जास्तच धोक्याचं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवा. तंबाखू त्याच वेळी थांबवायला हरकत नाही. मार बरा होईपर्यंत दारू पूर्ण वर्ज्य.

१५. दीड वर्ष झालं. जेवढं सुधारायचं ते सुधारलं. आता सोडून काय उपयोग?

सुधारणा मंदावते, पण ठरावीक तारखेला थांबत नाही. वर्षभरानंतर हाताची पकड सुधारलेले पेशंट माझ्याकडे आहेत. शिवाय एकदा दुखावलेल्या मेंदूला पक्षाघाताचा दुसरा फटका परवडत नाही, आणि धूम्रपान हे पक्षाघाताचं मोठं कारण आहे.

१६. चाळीस दिवस सोडली होती. काल यात्रेत एक ओढली. सगळं वाया गेलं का?

नाही. त्या चाळीस दिवसांत जखम जेवढी भरली ती भरलीच. आज त्याला रागवू नका. शांतपणे विचारा: कोणाबरोबर होता, किती वाजता, त्याआधी काय खाल्लं-प्यालं होतं. त्याला आठवत नसेल तर बरोबर कोण होतं त्यांना विचारा. उत्तर एका कागदावर लिहून ठेवा. उद्या त्याच वेळेला त्याच्याजवळ कोण बसणार, हे आज रात्री जेवतानाच ठरवा.